शाहीर अमुक आणि पार्टी

१९८१ साली मुंबईत 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडची एलपी बाजारात आली. तिचं नाव 'ऑब्सेशन ७७'. नावात ७७ होतं आणि दुकानात पोचेपर्यंत दशक उलटून गेलं होतं. कीथ कांगा आणि त्याच्या जोडीदारांनी सत्तरच्या दशकात मुंबईत जे वाजवलं, त्यातलं एवढंच तबकडीवर उतरलं. तोवर हवा डिस्कोची झाली होती. एलपी आली कधी नि गेली कधी, फारसं कुणाला कळलं नाही. तीस वर्षांनी, २०११ मध्ये, लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' या कंपनीने ती शोधून काढली, बँडची त्याआधीची कधीच बाहेर न आलेली ध्वनिमुद्रणं तिच्याबरोबर घातली, आणि सगळं नव्याने प्रसिद्ध केलं. बँडचं नाव विसरलेल्या शहरात त्या गाण्यांची पुन्हा चर्चा झाली, तीही समुद्रापलीकडून आलेल्या पार्सलामुळे.

हा हौशी संग्राहकांचा नाद आहे असं म्हणून पान उलटता येईल. आम्हाला मात्र ही घटना आमच्या गोंदियाच्या कामाची वाटते. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

सत्तरीच्या सुरुवातीला इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरातल्या बँडांची स्पर्धा भरवली. १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षांच्या निवडक बँडांच्या दोन एलपी निघाल्या. शिलाँगपासून मद्रासपर्यंतची पोरं त्यांत आहेत. हावड्याहून मुंबईला जाणारी गाडी नागपूरच्या आधी गोंदियाला थांबते. त्या काळात कोलकात्याचा एखादा ड्रम-सेट आमच्या फलाटावरून पुढे गेला असेल तर नवल नाही. पोरं पांगली, पुढे नोकरीधंद्याला लागली, आणि त्या काळच्या भारतीय रॉकचा बराचसा पुरावा एका सिगारेटच्या जाहिरातखर्चातून शिल्लक राहिला. त्या दोन एलपीही पुढे युरोपात पुन्हा छापल्या गेल्या. आमचं गाव बिडीचं. तेंदूपत्त्याच्या पैशातून कुणी शाहिरांची तबकडी काढल्याचं मात्र ऐकिवात नाही.

मुंबईच्या त्या पोरांत आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू होता. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने ज्यूडास केला. चार वर्षांनी पु. ल. देशपांड्यांचं 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेलांनी बसवलं तेव्हा तोच रॉकचा गळा मराठी रंगमंचावर खणखणला. नंदू भेंडे २०१४ साली गेले. त्यांच्या पिढीतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडे घरोघरी किती फिती पडल्या असतील आणि त्यांतल्या किती आज वाजण्याच्या अवस्थेत असतील, याचा विचार केला की अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचं नशीब किती बलवत्तर ते कळतं.

असं नशीब आणखी काहींना लाभलं. चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग सिंथेसायझरवर आणि यंत्राच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने एलपी काढली, ती खपली नाही. एदो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली, आणि शिकागोच्या पोरांनी जे पाच वर्षांनी केलं ते या गृहस्थांनी आधीच केलं होतं की काय, यावर जगभर वाद झाले. सत्तरीच्या घरातले सिंग युरोपात कार्यक्रम करायला गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला. त्यावर गीता सराभाई, अतुल देसाई आदींनी केलेल्या प्रयोगांच्या फिती संस्थेच्या संग्रहातच होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या धुंडाळल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा अल्बम आला.

प्रत्येक वेळी कुणीतरी परदेशी माणूस येतो, धूळ झटकतो आणि आपल्यालाच आपला माल दाखवतो. यावर रागावण्यात अर्थ नाही. त्यांनी चोरलं काहीच नाही. आपण टाकलेलं उचललं. आणि आपल्याकडे हे काम कुणीच केलं नाही असंही नाही. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी करता करता सुरेश चांदवणकरांनी जुन्या तबकड्यांच्या नोंदींचं काम वर्षानुवर्षं चालवलं. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने खासगी मैफिलींतलं गाणं कॅसेटवर आणलं तेव्हा मोठ्या कंपन्यांना त्यात पैसा दिसत नव्हता. अशी माणसं मराठीत आहेत. फक्त त्यांचा पल्ला पुण्या-मुंबईच्या कपाटांपर्यंत. वैनगंगेच्या या बाजूला तो क्वचितच आला.

सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांची सगळ्यांत गाजलेली गोष्ट लिव्हरपूलची आहे. १९५८ च्या उन्हाळ्यात क्वॉरीमेन नावाच्या पोरसवदा बँडने पर्सी फिलिप्स नावाच्या माणसाच्या घरातल्या स्टुडिओत दोन गाणी गायली. खर्च साडेसतरा शिलिंग. फीत महाग म्हणून फिलिप्सने ती पुसून पुन्हा वापरली; उरली ती एकुलती एक तबकडी. पाच जणांनी ती आळीपाळीने आठवडा-आठवडा घरी न्यायची असं ठरलं. फिरत फिरत ती पियानो वाजवणाऱ्या जॉन लोकडे गेली आणि तिथेच राहिली. लो बँडमधून कधीच बाहेर पडला होता. उरलेल्यांपैकी तिघे म्हणजे पुढे बीटल्स झालेले लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन. लोने ती तबकडी तेवीस वर्षं सांभाळली, १९८१ मध्ये मॅकार्टनीने ती विकत घेतली आणि १९९५ मध्ये 'अँथॉलॉजी'च्या पहिल्या भागात जगाने ती ऐकली.

या गोष्टीत बीटल्सचं मोठेपण बाजूला ठेवून पाहावं. त्या तबकडीवरचं गाणं काही थोर नाही. आवाज खरखरीत, वाद्यं अंदाजाने लावलेली. गाणारा अजून दुसऱ्याच्या गळ्यात गातो आहे आणि स्वतःचा गळा अधूनमधून निसटून बाहेर येतो आहे. तेवढंच ऐकण्यासारखं, आणि ते पुढच्या घासूनपुसून केलेल्या रेकॉर्डवर सापडत नाही. शिवाय ती वाचली कुणामुळे? बँडमध्ये न टिकलेल्या, पुढे नाव न झालेल्या माणसामुळे.

आता आपल्या बाजूला येऊ. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेझबर्ग कोलकात्याला आला आणि गौहरजानचं गाणं त्याने मेणात कोरलं ते १९०२ च्या नोव्हेंबरात. गायकनट भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत गेले होते. पावणेदोन वर्षांनी हुकलेला तो आवाज महाराष्ट्र आजही केवळ वर्णनांतून ऐकतो. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते, यंत्र दारात येऊन उभं होतं, पण त्यांनी गाणं यंत्राला दिलं नाही. भास्करबुवा बखल्यांचंही तबकडीवर काही नाही. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाईंचा सूर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर बसून सूर्यमालेबाहेर निघाला आणि खुद्द गुरूचा सूर कोल्हापूर-मुंबईतच विरला. या हानीला कारणं होती: यंत्र उशिरा आलं, किंवा कलावंताने नाकारलं. दोन्ही कारणं समजण्यासारखी.

आमच्या मुलुखात यंत्र तसं उशिरा आलं नव्हतं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात हलबी बोलीही आहे. पुढे १९१३ ते १९२९ या काळात याच सर्वेक्षणासाठी सरकारने बोलणाऱ्यांचे आवाज ग्रामोफोनवर घेतले, त्यांत मध्य प्रांतातल्या बोली आल्या. बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येकाने आपापल्या बोलीत सांगायची, असा प्रकार. शंभर वर्षांपूर्वीचे ते आवाज आज शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात कुणालाही फुकट ऐकता येतात. गोंदियाच्या आसपासच्या बोलींचं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण ऐकायचं तर आजही शिकागोचंच दार ठोठवावं लागतं. एका कारकुनी गरजेतून झालेलं हे काम. गाण्याशी त्याचा संबंध नाही, तरी आवाज राहिला.

गाण्यांशी संबंध असलेलं काम झालं ते उलट रीतीने. मैकल डोंगरात, आमच्या उत्तरेला, व्हेरियर एल्विन आणि शामराव हिवाळे १९३२ पासून राहिले. गोंडांची गाणी त्यांनी शेकड्यांनी जमवली. १९३५ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं. शब्द इंग्रजीत सुरक्षित झाले. चाल, दम, ढोलाची थाप मात्र कागदावर येणार कशी? हिवाळ्यांसारखा मराठी माणूस तिथे आयुष्य घालवत होता, कान तयार होते, यंत्र नव्हतं.

ते यंत्र आलं कॅसेटच्या रूपाने, आणि तिथून पुढे कुठलंच कारण चालत नाही. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये काढली. ऐंशीच्या दशकात ती आपल्या खेड्यापाड्यांत पोचली आणि एचएमव्हीच्या एकाधिकाराचा कणा मोडला. कोणालाही गाणं मुद्रित करता येऊ लागलं, त्याच्या प्रती काढता येऊ लागल्या, बाजाराच्या दिवशी फडक्यावर मांडून विकता येऊ लागल्या.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून झाडीपट्टी. दिवाळी सरली, धान कापणीला आला की गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसा बाजार, रात्री दंडार हे लोकनाट्य. कुठे खडीगंमत: शाहीर, ढोलकी, टाळ, तुणतुणं, डफ, आणि साडी नेसलेला नाच्या. दोन शाहीर समोरासमोर आले तर सवाल-जवाब तांबडं फुटेस्तोवर. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, भरला की नाटक हवंच, आणि नाटक म्हटलं की पदं हवीतच. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या होळीपर्यंत आणि पुढेही रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात असतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडार आणि झाडीबोली यांच्या अभ्यासाला जन्म वाहिला. म्हणजे या कलेला मान मिळाला, अभ्यासकही मिळाला. मिळाली नाही ती तिच्या आवाजाची नोंद, जी कधीही काढून ऐकता येईल.

आणि आवाज घेतला गेला नाही असं मुळीच नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात दंडारीत पुढच्या रांगेत कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर टेपरेकॉर्डर असायचाच. दुबईला किंवा भिलाईच्या कारखान्यात असलेल्या भावाने आणलेला, नाहीतर हुंड्यात आलेला. लाल बटण नि काळं बटण एकदम दाबायचं. साठ मिनिटांची कॅसेट, अर्ध्या तासाने उलटायची. उलटताना सवाल राहिला तर राहिला, जवाब तेवढा यायचा. त्या फितींत पोर रडतं, शेजारचा खोकतो, कुणीतरी दहाची नोट लावतो आणि शाहीर त्याचं नाव, गाव, बापाचं नाव घेतो. त्या रात्रीचा सगळा गाव त्यात आहे. जिल्ह्यात असा एकही मोहल्ला नसेल जिथल्या एखाद्या पेटीत, कोठीत, पोत्यांच्या मागे असा डबा नाही.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक बारीक खिट्टी असते. ती मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. कंपनीच्या कॅसेटांची ती मोडलेलीच असायची आणि लोक त्या भोकावर कागदाचा बोळा किंवा चिकटपट्टी लावून सिनेमाची गाणी भरायचे. घरी भरलेल्या दंडारीची खिट्टी मोडायचं कुणाला सुचणार? पुढच्या वर्षीच्या लग्नात त्याच कॅसेटवर 'मैंने प्यार किया' चढला. असं किती गेलं त्याची मोजदाद नाही. नभोवाणी केंद्रांतही फिती पुसून पुन्हा वापरायची रीत होतीच, तेव्हा गावातल्या माणसाला दोष देण्यात हशील नाही. पर्सी फिलिप्सनेही हेच केलं होतं.

दंडार-शाहिरीपुरतंच हे म्हणणं ठेवलं तर तेही अर्धवट होईल. नव्वदीत गोंदिया-तिरोड्यात ऑर्केस्ट्रा होते, गणपतीत वाजणारे बँजो-कीबोर्डवाले होते, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात गिटार गळ्यात अडकवलेली, घरच्यांच्या शिव्या खाणारी पोरं होती. लोककला म्हटली की अनुदानाच्या कागदावर तिला जागा तरी असते. या पोरांना तीही नाही. कारण ती ना परंपरेत बसतात, ना बाजारात. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टलाही कुठल्या अकादमीने परंपरा म्हणून ओवाळलं नव्हतं. दुसऱ्यांची गाणी वाजवता वाजवता मध्येच एखादं स्वतःचं वाजवणाऱ्या पोरांचीच ती गोष्ट. तेव्हा पेटी उघडताना शाहिराची फीत वर आणि ऑर्केस्ट्राची कचऱ्यात, अशी निवड करू नये. काय मोलाचं ठरेल ते आज सांगता येत नाही. चरणजित सिंगांच्या एलपीला १९८२ मध्ये दुकानदारानेही दर्शनी भागात ठेवलं नसेल.

आता जरा अवघड भाग. छापील कॅसेट निघायची तेव्हा तिच्या कव्हरवर लिहिलेलं असायचं: शाहीर अमुक आणि पार्टी. ही 'आणि पार्टी' म्हणजे ढोलकीवाला, झीलकरी, तुणतुणंवाला, नाच्या, पदं रचून देणारा. ग्रामोफोनच्या काळापासून चालत आलेला हा रिवाज सगळ्यांना सोयीचा होता: कंपनीला जागा वाचवायला, शाहिराला मोठेपणा घ्यायला. आणि तो काही आमच्याच गावचा नव्हे. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये ते वाजवून गेले ही गोष्ट मुंबईकर आजही सांगतात. त्याच मुक्कामात त्यांनी इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी मुद्रित केली. पेटीत पडलेली ती मुद्रणं त्रेचाळीस वर्षांनी, २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. वादकांच्या जागी नाव काय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. सारंगी, तबला, शहनाई वाजवणारी हाडामांसाची माणसं, आणि कव्हरवर एक शहर. लंडनलाही 'आणि पार्टी'च.

आपला कायदाही यात मजेशीर आहे. प्रताधिकार कायद्याच्या ५२-अ कलमानुसार ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्क कुणाचा ते आणि प्रकाशनाचं वर्ष छापावंच लागतं. ढोलकीवाल्याचं नाव त्या यादीत नाही. निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार घेतला, जबाबदारी घेतली तो. तोच कायद्याने मुद्रणाचा कर्ता, आणि त्याचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. उलट २०१२ च्या दुरुस्तीने ३८-ब कलम आणलं: कलावंताला आपलं सादरीकरण आपल्या नावाने ओळखलं जावं असा आग्रह धरता येतो. म्हणजे नाव मागण्याचा हक्क आहे. पण मागायला नाव माहीत असलेलं कुणीतरी जिवंत हवं. फितीतला आवाज यंत्र काढून देईल, ढोलकीवर कोण बसलं होतं ते यंत्र सांगणार नाही. ते सांगेल आमगावचा किंवा अर्जुनी-मोरगावचा ऐंशीच्या घरातला म्हातारा, आणि तोही एकदा कान देऊन ऐकल्यावर: हा हात अमक्याचा, तो डावरा होता, त्याची डग्गी अशीच बोलायची. म्हणून आमच्या मते फिती डिजिटल करण्याआधी माणसं गाठायला हवीत. सगळे प्रकल्प उलट्या क्रमाने चालतात. आधी स्कॅनर, सर्व्हर, उद्घाटन, आणि नावांच्या रकान्यात शेवटी 'अज्ञात'.

दुसरी अडचण संमतीची. सगळ्यांनाच आपलं कच्चं काम बाहेर यावं असं वाटत नाही. १९६२ च्या डिसेंबरात हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबात बीटल्स वाजवत असताना टेड टेलर या ओळखीच्या गायकासाठी घरगुती ग्रुंडिग यंत्रावर ते टिपलं गेलं. १९७७ मध्ये त्याचा अल्बम निघाला तेव्हा बीटल्स कोर्टात गेले आणि हरले. पुन्हा लढून १९९८ मध्ये जिंकले. ऐकणाऱ्याला त्या फितीत तरणाबांड बँड दिसतो, वाजवणाऱ्याला त्यात दारूच्या नशेत बेसूर झालेली एक रात्र आठवते. दोघेही खरे. याउलट बॉस्टनच्या पिक्सीज या बँडने मार्च १९८७ मध्ये सतरा गाणी एका दमात मुद्रित केली, आठ लगेच बाहेर आली आणि उरलेली नऊ २००२ मध्ये. तेवढ्यात बँड मोठा झाला, मोडला, आणि चाहत्यांना त्या नऊंत सुरुवातीचा सगळा आराखडा सापडला. इंडी रॉकवाल्यांत अशा 'पहिल्या फिती' काढणं आता नेमाचंच झालं आहे. त्यांना ते सोपं जातं, कारण बँड चार-पाच जणांचा आणि सगळ्यांची नावं ठाऊक.

आमच्याकडे फितीत नुसता कलावंत नसतो. खडीगंमतीत शाहीर गावच्या पाटलाला टोला हाणतो, नाच्याच्या तोंडी जातीवरून, बायकांवरून असे विनोद येतात जे आज लाउडस्पीकरवर लावता येणार नाहीत. ज्यांची थट्टा झाली त्यांची नातवंडं त्याच गावात राहतात. हे कापून टाकावं का? आम्हाला वाटतं, मूळ फितीला कात्री लावू नये आणि प्रकाशनाला घाई करू नये. जतन एक, प्रसिद्धी दुसरी. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. तिथे गायलं जाणारं सगळंच ऐकवण्यासाठी नसतं. काही देवासमोरचं असतं. मोतीरावण कंगालींसारख्या अभ्यासकाने त्या परंपरेचा अर्थ लावण्यात आयुष्य घातलं, तेही आतला माणूस म्हणून. त्यातलं काय बाहेर द्यायचं ते त्या समाजाने ठरवावं, इतरांनी नव्हे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं ध्वनिसंग्रहालय १९८२ मध्ये सुरू झालं, ते आता गुरुग्रामला आहे. फीत ठेवणारा तिथे आपल्या अटी लिहून देऊ शकतो, कुणी ऐकावी, कुणी नक्कल न्यावी. ही पद्धत जिल्ह्याच्या पातळीवर आणायला मोठी अक्कल लागत नाही, एक वही लागते.

आणखी एक इशारा. जुनं मुद्रण हाती आलं की आमच्या स्टुडिओवाल्यांना ते 'साफ' करायची घाई होते. खरखर काढता काढता टाळही जातो. मग सुनं वाटतं म्हणून मागे कीबोर्डचा ठेका टाकतात, आवाजाला इको देतात, आणि दंडारीचं लग्नाच्या डीजेत रूपांतर होतं. हे करायचंच असेल तर नकलेवर करावं. घट्ट गुंडाळून वर्षानुवर्षं पडलेल्या फितीत एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं आणि गाणं सुरू होण्याआधी त्याचाच पुसट आवाज ऐकू येतो. तोसुद्धा ठेवावा. चाळीस वर्षं पेटीत पडल्याची ती खूण आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. पंचवीस वर्षांहून जास्त काळ आपल्याला जिल्हाधिकारी कार्यालय आहे, जिल्हा परिषद आहे, जिल्हा ग्रंथालय आहे, महाविद्यालयं आहेत. आमची मागणी भवनाची नाही. सांस्कृतिक भवन बांधलं की त्याच्या हॉलमध्ये लग्नं लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे. एका महाविद्यालयाच्या एका खोलीत चालू स्थितीतले दोन कॅसेट डेक, एक संगणक, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या हार्ड डिस्क, आणि मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, हलबी समजणारी चार पोरं. साठ मिनिटांची फीत उतरवायला साठच मिनिटं लागतात. त्यात घाई चालत नाही, म्हणून लवकर सुरुवात करावी लागते. डेक दुरुस्त करणारे कारागीर शहरात अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. रबराचे पट्टे मिळतात तोवर मिळतील.

मंडयांचा हंगाम ही त्यासाठी उत्तम वेळ. गावात दवंडी द्यावी, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावं: जुन्या कॅसेट आणा, उतरवून झाल्या की परत न्या, सोबत पेनड्राइव्हवर नक्कल फुकट. मूळ वस्तू घरमालकाचीच राहील हे पावतीवर लिहून द्यावं, नाहीतर कुणी देणार नाही, आणि बरोबरच आहे. बुरशी आलेली फीत घरी वाजवून पाहू नये, ती यंत्रात अडकते आणि दुसऱ्या कॅसेटला लागते. तशीच कागदात गुंडाळून आणावी. आणणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: कुठल्या गावची, अंदाजे कधीची, आणि कोण कोण वाजवत होतं. तिसऱ्या प्रश्नाला वहीत दहा ओळी मोकळ्या सोडाव्यात. उत्तर आलं नाही तर ती फीत घेऊन त्या गावात जावं, देवळाच्या पारावर लावावी आणि म्हाताऱ्यांना ऐकवावी. भांडणं होतील, हा हात अमक्याचा नव्हे तमक्याचा म्हणून. दोन्ही नावं लिहून घ्यावीत.

या फितींतून कधी अल्बम निघाला, आणि निघावा, तर पैशाची वाटणी आधी ठरलेली असावी. कॅसेट ज्याच्या घरात सापडली त्याला काही, मुद्रण ज्याने केलं त्याला काही, पण मोठा वाटा वाजवणाऱ्यांच्या घरी गेला पाहिजे, झीलकऱ्यासकट. रक्कम शंभर रुपये निघाली तरी चालेल. आणि कव्हरवर शाहिराच्या नावाखाली जेवढी जागा लागेल तेवढी घ्यावी, अक्षर बारीक झालं तरी हरकत नाही.